विम्याची मेडिकल ठरलीये आणि पोटात गोळा आलाय

गेल्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की विम्याच्या मेडिकलबद्दल काही शंका असतील तर पाठवा. संपादक म्हणाले दोन-चार येतील. ढीगभर आल्या. मी स्वतः डॉक्टर, बरीच वर्षं विमा कंपन्यांसाठी या मेडिकल केल्यात, त्यामुळे टेबलाच्या अलीकडची बाजू मला पाठ आहे, पलीकडच्या खुर्चीत बसलेल्याला काय काय वाटत असतं ते मात्र तुमच्या पत्रांवरनं कळलं. सगळ्यांना उत्तरं देता येणार नाहीत, सारख्या प्रश्नांमधला एकेक उचललाय आणि नावं काढून टाकलीत.

प्रश्न : वय ३४, पहिल्यांदाच टर्म प्लॅन घेतोय. फॉर्म भरला आणि दुसऱ्याच दिवशी फोन, 'सर तुमची मेडिकल कधी ठेवू?' मला वाटलेलं पैसे भरले की झालं. नक्की काय काय करतात, किती वेळ लागतो? आणि कपडे वगैरे काढायला लावतात का, प्रश्न जरा ऑकवर्ड आहे पण विचारतोच.

उत्तर : बरं केलंत विचारलंत, हा प्रश्न मनात सगळ्यांच्या असतो आणि विचारत कोणी नाही. नाही, कपडे काढायला लावत नाहीत. बाही वर करावी लागते तेवढीच, त्यामुळे सैल बाहीचा शर्ट घाला. ईसीजी असेल तर छाती थोडी उघडी करावी लागते कारण त्याचे चिकट पॅच छातीवर लागतात, आणि बायकांनी त्यासाठी लेडी टेक्निशियन पाहिजे असं फोनवरच सांगून ठेवावं, यात संकोच करण्यासारखं काही नाही.

आता क्रम सांगते. माणूस घरी येतो किंवा तुम्हाला सेंटरवर बोलावतात. सगळ्यात आधी फोटो असलेलं ओळखपत्र बघतात, ते विसरलात तर परत पाठवतात, कारण स्वतःऐवजी धडधाकट भावाला बसवणारे लोक खरोखरच असतात. मग प्रश्नांची यादी असते, कुठले आजार, कुठली ऑपरेशनं, कुठल्या गोळ्या चालू, आईवडील हयात आहेत का, नसतील तर कितव्या वर्षी गेले आणि कशाने. ही आईवडिलांची माहिती घरी आधीच विचारून ठेवा, ऐनवेळी आठवत नाही. मग उंची, वजन, कधी पोटाचा घेर. नाडी, बीपी. मग रक्त, दोन ते चार छोट्या ट्यूब, सगळं मिळून १० ते २० मिलि, अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं तेव्हा हिशोब करा. मग लघवीचं सँपल. साधी मेडिकल अर्ध्या-पाऊण तासात उरकते. वय जास्त असेल किंवा विम्याची रक्कम मोठी असेल तर ईसीजी, आणि त्याच्याही वर गेलं तर टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदय बघायचं. कोणाला काय लावायचं हे वय, रक्कम आणि फॉर्मवरची उत्तरं या तिघांवर ठरतं, म्हणून मित्राची झाली तशीच तुमची होईल असं धरून चालू नका. खर्च शक्यतो कंपनीच करते.

उंची-वजनावरनं बीएमआय काढतात. किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. ७० किलो आणि १.७० मीटर असाल तर २४.२. हे गणित एकोणिसाव्या शतकातल्या बेल्जियमच्या केतले नावाच्या माणसाचं, आणि तो डॉक्टर नव्हता, आकडेवारीतला होता, बीएमआय हे नाव तर थेट १९७२ साली अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी दिलं. त्याला चरबी आणि स्नायू यातला फरक कळत नाही, पण विमा कंपन्यांचं त्यावर फार प्रेम आहे. त्यामुळे बूट काढा, खिशातला मोबाइल-किल्ल्या काढा, आणि उंची खरंच मोजायला लावा. बरेच टेक्निशियन नुसतं विचारून लिहितात आणि लोक दोन सेंटिमीटर वाढवून सांगतात, मग वजन त्या खोट्या उंचीवर चांगलं दिसतं, आणि पुढे कुठे दुसरा आकडा निघाला की चौकशी सुरू.

प्रश्न : माझं बीपी घरी १२० च्या आसपास असतं. पांढरा कोट दिसला की १५०. मागच्या वेळी नोकरीच्या मेडिकलला पण हेच झालं होतं. आता विम्याची आहे आणि मला आत्तापासूनच धडधडतंय. वय ४१.

उत्तर : तुमच्यासारखे इतके लोक असतात की याला नावच आहे, व्हाइट कोट हायपरटेन्शन. बीपी हा सगळ्या मेडिकलमधला सगळ्यात चंचल आकडा. रक्तातली गोष्ट पाच मिनिटांत बदलत नाही, बीपी मात्र तुम्ही जिना चढून आलात तरी बदलतं. १८९६ साली रिवा-रोची नावाच्या इटालियन डॉक्टरने दंडाला पट्टा बांधून पाऱ्यावर बीपी मोजायची पद्धत काढली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत विमा कंपन्यांच्या डॉक्टरांनी ती उचलली, साध्या दवाखान्यांत सर्रास पोचण्याआधी. तेव्हापासून हा आकडा त्यांच्या फार जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे तो नीट घेतला जातोय ना हे बघणं तुमच्याच हातात.

मी जे बघितलंय ते सांगते. माणूस धावतपळत येतो, खुर्चीत टेकतो न टेकतो तोवर पट्टा. हे चूक. पाच मिनिटं नुसतं बसायचं, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत, लटकता नाही. मोजताना बोलायचं नाही, आणि नेमकं तेव्हाच टेक्निशियनला गप्पा मारायच्या असतात, मान हलवून सोडून द्या. आधी लघवीला जाऊन या, तुंबलेल्या मूत्राशयानेही बीपी वर जातं. दंड जाड असेल आणि पट्टा लहान तर आकडा खोटा वाढीव येतो, मोठा पट्टा मागा, तो असतो त्यांच्याकडे, काढायचा कंटाळा असतो. यातल्या एकेका गोष्टीने ५-१० पॉइंट सहज इकडेतिकडे होतात, आणि चार गोष्टी एकत्र आल्या की तुमचे १५० कुठून येतात ते लक्षात येईल.

आधीचा अर्धा तास चहा-कॉफी नको, सिगारेट नको, व्यायाम नको. सर्दीच्या काही गोळ्यांनी, म्हणजे ज्यांनी नाक मोकळं होतं त्यांनी, बीपी वाढतं, आणि आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलरनेही वाढतं, तेव्हा सर्दी झाली असेल तर मेडिकल सरळ पुढे ढकला. पहिला आकडा जास्त आला तर थोडं थांबून परत घ्या असं म्हणा, दोन-तीन वेळा घेऊन लिहिणं हीच रीत आहे, तुम्ही उपकार मागत नाहीये.

आणि आजपासून घरी बीपी मोजून वहीत लिहायला लागा, सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर, तारखेसकट. कंपनीने शंका काढली तर ती वही आणि तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी, किंवा २४ तास बीपीचं मशीन लावून काढलेला रिपोर्ट, हे फार कामाला येतं. घरीसुद्धा जास्त निघालं तर मग ते कोटाचं नाही, तुमचं आहे, उपचार सुरू करा. गोळीवर नीट ताब्यात असलेलं बीपी अंडररायटरला, म्हणजे कंपनीत बसून कागद बघून धोका आणि प्रीमियम ठरवणाऱ्या माणसाला, गोळी न घेता वर-खाली करणाऱ्या बीपीपेक्षा कितीतरी बरं वाटतं. लोकांना हे उलटं वाटत असतं.

एक राहिलंच. समोरच्या टेक्निशियनला 'जरा कमी लिहा ना' म्हणून गळ घालू नका. तो काहीच ठरवत नाही, तो फक्त आकडे पाठवतो.

प्रश्न : फास्टिंगमध्ये पाणी चालतं का? आणि रोजच्या गोळ्यांचं काय?

उत्तर : साधं पाणी चालतं, नव्हे प्याच, शीर पटकन सापडते. बीपी, थायरॉइडच्या गोळ्या नेहमीसारख्या. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर उपाशीपोटी घ्यायचं की नाही हे आदल्या दिवशी स्वतःच्या डॉक्टरांना विचारा, शुगर उतरून चक्कर येऊ शकते. आणि ८ ते १२ तास सांगितलं असेल तर तेवढंच. काही जण जोशात १८-१८ तास उपाशी राहून येतात, त्याने काही चांगलं दिसत नाही, उलट शंभरात साधारण पाच लोकांना गिल्बर्ट नावाची एक निरुपद्रवी गोष्ट जन्मतः असते, त्यांचं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढतं ते, जास्त उपासाने वाढतं आणि मग लिव्हरबद्दल प्रश्न विचारत बसतात.

प्रश्न : मी रेग्युलर स्मोकर नाही. महिन्यातून दोन-तीनदा मित्रांबरोबर एखादी होते. फॉर्मवर स्मोकर लिहिलं तर प्रीमियम भयंकर वाढतोय. आठवडाभर बंद केलं आणि 'नाही' लिहिलं तर चालेल ना? सगळे असंच करतात म्हणे.

उत्तर : 'सगळे' नावाचा हा माणूस मला एकदा भेटायचाय, प्रत्येक पत्रात असतो.

आधी सायन्स. ते सिगारेट शोधत नाहीत, कोटिनिन शोधतात. निकोटिन अंगात गेलं की दोनएक तासांत निम्मं उरतं, पण लिव्हर त्याचं कोटिनिन करते आणि ते निम्मं व्हायला १६ तासांच्या आसपास लागतात, म्हणून लघवीत ते काही दिवस सापडत राहतं, रोज ओढणाऱ्याचं आठवड्याच्या पुढेही. त्याला धूर आहे की नाही याच्याशी काही देणंघेणं नाही, तंबाखू चघळली तरी येतं, व्हेप केलं तरी येतं, आणि सिगारेट सोडायला म्हणून निकोटिनचं च्युइंगम किंवा पॅच वापरत असाल तरी येतं. शेवटच्या लोकांसाठी मला वाईट वाटतं, पण च्युइंगम चालू असेल तर तसं स्पष्ट लिहा. शेजारी बसलेल्याच्या धुराने मात्र सहसा टेस्ट पॉझिटिव्ह येत नाही, थोडंफार कोटिनिन येतं पण ठरवलेल्या मर्यादेच्या खाली राहतं, त्यामुळे 'नवरा ओढतो हो, मी नाही' हे कारण फारसं टिकत नाही.

तर आठवडाभर बंद ठेवून तुम्ही टेस्ट चुकवाल? महिन्यातनं दोन-तीन असतील तर बहुतेक चुकवाल. आणि हीच गंमत आहे. फॉर्मवर 'तुमच्या अंगात आत्ता निकोटिन आहे का' असं विचारलेलं नसतं, 'गेल्या १२ महिन्यांत तंबाखूचा कुठलाही प्रकार घेतला का' असं असतं, काही कंपन्या त्याहून मागे जातात. टेस्टची खिडकी आठवड्याची, प्रश्नाची खिडकी वर्षाची. पॉलिसी मिळेल, प्रीमियम कमी लागेल, तुम्ही खूश. उद्या काही झालं तर क्लेमची फाइल उघडणार, जुन्या केसपेपरवर कुठल्यातरी डॉक्टरने 'ऑकेजनल स्मोकर' असं दोन शब्द लिहिलेले असणार, तुम्हीच सांगितलेले, आणि तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही नसाल, बायको असेल. प्रीमियममधला फरक वाचवायचाच असेल तर खरोखर सोडा, वर्षभर सोडा, आणि मग कंपनीला परत विचारा, बऱ्याच ठिकाणी नॉन-स्मोकर रेटसाठी पुन्हा तपासणी करून देतात. आत्ता स्मोकर म्हणून घ्या. विमाच घ्यायचा नाही आणि वर्षभर थांबायचं, हे नको.

प्रश्न : वय २७, रोज जिम. मेडिकल झाली आणि कंपनीने एसजीपीटी, एसजीओटी आणि क्रिएटिनिन जास्त म्हणून जादा रिपोर्ट मागितलेत. मी दारू पीत नाही, मला काही त्रास नाही. हे काय आता?

उत्तर : तुम्ही मेडिकलच्या आदल्या दिवशी काय केलंत? पैजेवर सांगते, लेग डे, म्हणजे पायांचा दणकून व्यायाम.

एसजीओटी, एसजीपीटीला सगळे लिव्हरची टेस्ट म्हणतात पण ही दोन्ही एन्झाइम्स स्नायूंतही असतात, विशेषतः एसजीओटी. जबरदस्त व्यायामाने स्नायू थोडेफार तुटतात, ती रक्तात येतात आणि आठवडाभर रेंगाळू शकतात. हे स्नायूंचं आहे की लिव्हरचं हे ओळखायला सीके नावाची टेस्ट सोबत करतात, ती चढलेली आणि जीजीटी, म्हणजे लिव्हरचं आणखी एक एन्झाइम, नॉर्मल असेल तर बोट स्नायूंकडे जातं. क्रिएटिनिनचंही तसंच. ते स्नायूंतूनच येतं, स्नायू जास्त तर ते थोडं जास्त, आणि डब्यातलं क्रिएटिन घेत असाल तर त्याचं अंगात क्रिएटिनिनच होतं, किडनी ठणठणीत असली तरी आकडा वर दिसतो. सिस्टॅटिन सी म्हणून किडनीची वेगळी टेस्ट आहे, तिला स्नायूंशी फारसं घेणं नाही, डॉक्टरांना ती सुचवा. जोरात व्यायामानंतर लघवीत प्रोटीनही उतरतं, दिवस-दोन दिवसांत जातं.

आठवडाभर जिम बंद, मेडिकलच्या आधी चालणं फक्त. क्रिएटिन दोनेक आठवडे थांबवा, आणि घेत होतो हे लपवू नका, डॉक्टरांच्या पत्रात येऊ दे, उलट त्यानेच आकड्याचा उलगडा होतो. मग परत टेस्ट. आणि तरीही जास्तच आलं तर कंपनीचं सोडा, स्वतःसाठी लिव्हर, किडनी नीट तपासून घ्या, २७व्या वर्षी पण दुखणी असतात.

प्रश्न : मी ४५ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी शुगर बॉर्डरवर आली होती, डॉक्टरांनी गोळी दिली होती, मी सहा महिने घेऊन बंद केली. आता विमा घेतेय तर एजंट म्हणतो की ताई, तुम्ही हे लिहूच नका, मेडिकलमध्ये नॉर्मल आलं की विषय संपला, दोन दिवस गोड बंद करा फक्त. मिस्टर पण तेच म्हणतायत. मला मात्र झोप लागत नाहीये.

उत्तर : तुमची झोप बरोबर आहे, एजंट चुकतोय.

दोन दिवस गोड बंद केल्याने उपाशीपोटीची शुगर थोडी सावरेल कदाचित. पण त्याच ट्यूबच्या शेजारची जांभळ्या टोपणाची ट्यूब असते ना, ती बहुतेक एचबीए१सीसाठी असते. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते, तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून त्या एका आकड्यात गेल्या दोन-तीन महिन्यांचा सगळा हिशोब लिहिलेला असतो. दोन दिवसांच्या संयमाला ती भीक घालत नाही. ५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ बॉर्डर, ६.५ आणि वर म्हणजे डायबिटीस, असं साधारण धरतात. (रक्त कमी असेल किंवा नुकतंच रक्तदान केलं असेल तर हा आकडा चकवू शकतो, तसं असेल तर सांगा.)

आता समजा नॉर्मल आला. तरीही लिहायचं. कारण मेडिकल म्हणजे त्या दिवशीचा फोटो आणि फॉर्म म्हणजे तुमचा जबाब, आणि करार जबाबावर उभा असतो. मेडिकल त्यांनीच केली, त्यांना सापडलं नाही, आता त्यांची चूक, असं लोक छातीठोक सांगतात, तसं नसतं. तुम्हाला माहीत होतं आणि विचारलेलं असताना सांगितलं नाहीत, हे पुरेसं होतं. कंपनीला जुन्या माहितीवर बोट ठेवता येण्याची मुदत देशागणिक वेगळी, कुठे पहिली २ वर्षं, कुठे ३, आणि मुद्दाम फसवलं असं सिद्ध झालं तर काही ठिकाणी मुदतीचाही आडोसा नाही. काही देशांत तर विमा कंपन्यांची आपसात नोंदच असते, एकीकडे सांगितलेलं दुसरीकडे कळतं. औषधांची बिलं, लॅबचे जुने रिपोर्ट, दवाखान्यातली नोंद, हे कुठेतरी पडलेलं असतंच.

मी हे इतकं तावातावाने का लिहितेय त्याचं कारण आहे. एका बाईंची मेडिकल मी केली होती, सगळं व्यवस्थित. दीड वर्षाने त्यांचे मिस्टर तीच फाइल घेऊन माझ्याकडे आले, क्लेम अडकला होता, जुना हृदयाचा त्रास फॉर्मवर लिहिलेला नव्हता. त्यांचं म्हणणं एकच, 'तुम्हीच तर तपासलं होतंत.' मी तपासलं होतं, विचारलंही होतं, आणि 'नाही' असं उत्तर माझ्याच अक्षरात तिथे होतं, खाली बाईंची सही. मला काही बोलता आलं नाही.

आणि लिहिल्याने होतं काय? तीन वर्षांपूर्वी बॉर्डरवर शुगर, गोळी अमुक महिने, आता बंद, आताचा एचबीए१सी इतका, एवढं तीन ओळींत लिहा. शक्यता अशी की आकडा चांगला असेल तर साध्या रेटवर किंवा थोड्या जास्त प्रीमियमवर मिळेल. एजंटने फॉर्म भरला असेल तर सही करण्याआधी प्रत्येक पान वाचा, तो तुमच्या वतीने 'नाही नाही नाही' अशा टिका मारत सुटतो आणि सही तुमची असते. पाठवून झाला असेल तर आजच कंपनीला लेखी कळवा, पॉलिसी हातात यायच्या आधी दुरुस्ती करता येते.

मिस्टरांना हे उत्तर वाचायला द्या. बाकी झोप लागेल.

प्रश्न : मला सुई बघून चक्कर येते. खरंच येते, कॉलेजमध्ये रक्तदान शिबिरात आडवी झाले होते. हसू नका.

उत्तर : नाही हसत. माझ्यासमोर सहा फुटी माणसं कोसळलीत. सुई दिसली की काहींची नाडी आणि बीपी एकदम खाली येतं, मेंदूला रक्त कमी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी. यात भित्रेपणाचा काही संबंध नाही, शरीराचा रिफ्लेक्स आहे.

आल्या आल्या टेक्निशियनला सांगा, आणि आडवं पडूनच रक्त द्या, आडव्या माणसाला पडायला जागाच राहत नाही. बीपी आधी, रक्त शेवटी, हा क्रम धरायला सांगा नाहीतर तुमचं बीपी काहीतरी भलतंच लिहिलं जाईल. पाणी पिऊन जा. गरगरायला लागलं की मांड्या, पोट आणि दुसऱ्या हाताची मूठ घट्ट आवळायची, दहा-पंधरा सेकंद, मग सैल, परत आवळायची, याने बीपी टिकून राहतं. ज्या हातातून रक्त काढतायत तो मात्र सैल ठेवा, त्याची मूठ सारखी उघडमीट केली की पोटॅशियमचा आकडा खोटा वाढतो. सुईकडे बघू नका, भिंतीकडे बघा. झाल्यावर लगेच उभं राहायचं नाही. पिशवीत काहीतरी खायला ठेवा, उपाशीपोटी असता तुम्ही.

प्रश्न : मेडिकलच्या दिवशी पाळी आली तर?

उत्तर : तारीख बदलून घ्या, लघवीत रक्त सापडलं की पुढे शंभर प्रश्न. बदलता येत नसेल तर टेक्निशियनला सांगून फॉर्मवर तशी नोंद करायला लावा. गरोदर असाल तर आधीच कळवा, त्या काळात वजन, शुगर, बीपी सगळंच वेगळं चाललेलं असतं आणि बऱ्याच कंपन्या शेवटच्या महिन्यांत निर्णय बाळंतपणानंतरवर टाकतात.

प्रश्न : आमच्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं की रक्तात एचआयव्ही पण तपासतात आणि आपल्याला न विचारता. खरंय का? आणि रिपोर्ट एजंटच्या हातात पडतो का?

उत्तर : एचआयव्ही बऱ्याच वेळा असते, विशेषतः रक्कम मोठी असेल तेव्हा, कावीळ बी आणि सी पण असू शकते. न विचारता नाही, मेडिकलच्या वेळी ज्या संमतीपत्रावर सही घेतात त्यात लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही हा भाग वेगळा. वाचा. कुठल्या टेस्ट आहेत याची यादी तोंडी विचारलीत तरी सांगतात. रिपोर्ट अंडररायटरकडे जायला हवा, एजंटकडे नाही, आणि मला रिपोर्टची कॉपी पाहिजे हे त्याच दिवशी लेखी सांगून ठेवा. नंतर मागून मिळवायला फार फोन करावे लागतात.

प्रश्न : मेडिकल झाली आणि आता पत्र आलंय, ५० टक्के लोडिंग. कारण कोलेस्टेरॉल आणि वजन. दुसऱ्या तीन-चार कंपन्यांत एकदम अर्ज टाकू का, एक तरी साध्या रेटने देईल?

उत्तर : थांबा, एकदम चार अर्ज नको. प्रत्येक फॉर्मवर एक प्रश्न असतो, याआधी कुठे तुमचा प्रस्ताव नाकारला, पुढे ढकलला किंवा जादा प्रीमियमवर घेतला का. आत्ता त्याचं उत्तर 'हो, एकदा' असं आहे. चारही कंपन्यांनी तेच केलं तर सहावीला 'हो, पाचदा' लिहावं लागेल.

लोडिंग म्हणजे साध्या रेटवर लावलेला जादा प्रीमियम, तो कशावर ठरतो ते समजून घ्या. तुमच्या वयाच्या सरासरी माणसापेक्षा धोका किती जास्त धरला ते, आणि बऱ्याच कंपन्या २५-२५ टक्क्यांच्या पायऱ्यांनी चढतात. म्हणजे तुम्ही दुसऱ्या पायरीवर आहात, लोकांना वाटतं तितकं हे वाईट नाही. आधी कंपनीकडून नेमकं कारण आणि रिपोर्ट मागवा. कोलेस्टेरॉलमध्ये नुसता एकूण आकडा बघत नाहीत, एकूण भागिले एचडीएल, म्हणजे ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते, हे प्रमाण बघतात. एकूण २२० आणि एचडीएल ६० असेल तर ३.७, ठीक आहे. तेच २२० आणि एचडीएल ३५ असेल तर ६.३, तिथे भुवया उंचावतात. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, तर आदल्या दोन दिवसांतल्या दारूनेही उडी मारतात, तसं काही झालं असेल तर पुन्हा तपासणी मागण्यात अर्थ आहे. रक्ताचा रिपोर्ट अगदीच भलता वाटला तर लॅबमध्येही चुका होतात, चांगल्या लॅबमधून स्वतः करून तो जोडा.

आकडे खरेच असतील तर माझं मत, लोडिंगसकट घ्या. घरचे लोक तुमच्या पगारावर असतील तर आज विमा असणं महत्त्वाचं. पत्रातली होकार कळवायची मुदत बघा, ती संपली की सगळं परत पहिल्यापासून. मग वजन उतरवा, वर्षभराने रिपोर्ट चांगले आले की लोडिंग काढा म्हणून अर्ज करा, बऱ्याच कंपन्या विचार करतात. दुसरीकडे साध्या रेटने मिळालं तर घ्या खुशाल, पण नवी पॉलिसी हातात आल्याशिवाय जुनी बंद करायची नाही.

प्रश्न : माझी मेडिकल एकदम क्लीन आली, साध्या रेटने पॉलिसी मिळाली. म्हणजे आता दोन-तीन वर्षं चेकअपची गरज नाही ना? वय ५२.

उत्तर : अभिनंदन, आणि आहे, गरज आहे. त्यांनी तुम्हाला विम्यासाठी तपासलं. आतड्याचा कॅन्सर, स्तनाचा, गर्भाशयाच्या मुखाचा, डोळ्यांचं प्रेशर, हाडं, यातलं काहीही त्या तीन ट्यूबमध्ये नव्हतं. वयाच्या ५२व्या वर्षी यातलं काय करायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि जाताना विम्याच्या रिपोर्टची कॉपी घेऊन जा, रक्ताचे पैसे परत भरावे लागणार नाहीत.